परीक्षकाची परीक्षा : आरंभीच्या डिजिटल कॅमेऱ्यांची परीक्षणे आणि त्यांचे प्रामाण्य



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला इतिहासावर बोलावयास सांगितले, आणि मी विषय कळवला तो कॅमेऱ्याच्या परीक्षणांचा. तेव्हा चिटणिसांनी मुद्दाम फोन करून, "विषय लिहिताना काही चूक तर झाली नाही ना?" असे विचारले. त्यांची शंका रास्त होती. इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, तह आणि लढाया येतात. बाजारात विकावयास आलेल्या वस्तूविषयी कोणी बरेवाईट लिहिले, तर त्यात इतिहास कोठला? परंतु मागच्या पिढीने कशावर विश्वास ठेवला आणि तो का ठेवला, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे. १९९५ ते २००५ या दहा वर्षांत जगातील असंख्य कुटुंबांनी फिल्मचा कॅमेरा कपाटात ठेवून डिजिटल कॅमेरा हाती घेतला. त्या वेळी त्यांना वाट दाखवली ती परीक्षणांनी. ही परीक्षणे कितपत निःपक्षपाती होती आणि कितपत विश्वसनीय होती, याचा विचार आज करावयाचा आहे. हे प्रश्न दोन आहेत, एक नाही, हे आरंभीच सांगून ठेवतो; कारण त्यांची गल्लत केल्यामुळेच आपण पुष्कळदा फसतो.

फिल्मच्या काळात कॅमेरा पारखणे त्या मानाने सोपे होते. कॅमेरा म्हणजे मुख्यतः भिंग आणि उजेड आत सोडणारा पडदा. चित्र उमटे ते फिल्मवर, आणि फिल्म निराळी विकत मिळे. ती साध्या कॅमेऱ्यात घाला की भारी कॅमेऱ्यात, फिल्म तीच. रंग मनाजोगे आले नाहीत तर पुढच्या खेपेस दुसऱ्या कंपनीची फिल्म घालून पाहता येई. डिजिटल कॅमेऱ्याने फिल्म आणि ती धुण्याची काळोखी खोली अशी दोन्ही आपल्या पोटात घेतली. आतला संवेदक बदलता येत नाही, आणि रंग कसे दाखवावयाचे हे पुष्कळसे कारखान्यातच ठरलेले. म्हणजे घेणारा माणूस आयुष्यभराची फिल्म एकदम, आणि तीही न पाहता, विकत घेऊ लागला.

शिवाय ही वस्तू इतकी नवी होती की तिच्याविषयी कोणाचाच अनुभव गाठीशी नव्हता. १९७५ साली अमेरिकेतील रॉचेस्टर येथे ईस्टमन कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने जो कॅमेरा जुळवला, त्याचे चित्र अवघ्या १०,००० बिंदूंचे होते, आणि ते कॅसेटच्या फितीवर उतरावयास २३ सेकंद लागत. वीस वर्षांनी, १९९५ साली, कॅसिओ कंपनीचा क्यूव्ही-१० जपानच्या बाजारात आला. त्याच्या पाठीवर छोटासा पडदा होता आणि काढलेले चित्र तेथल्या तेथे दिसे. किंमत ६५,००० येन. चित्र मात्र ३२० बाय २४० बिंदूंचे, म्हणजे टपालाच्या तिकिटापेक्षा फार मोठे छापले तर चेहरा ओळखण्याची पंचाईत. पुढे दर सहा-आठ महिन्यांनी नवा कॅमेरा निघू लागला. शेजाऱ्याला विचारून वस्तू घ्यावी, तर शेजाऱ्याने घेतलेला कॅमेरा तोवर बाजारातून गेलेला असे.

अशा वेळी परीक्षक पुढे आले. छायाचित्रणाची मासिके पूर्वीपासून होतीच. पण छापून येईपर्यंत त्यांना महिने लागत आणि चित्रासाठी जागा बोटभर मिळे. इंटरनेटवर ही अडचण नव्हती. १९९८ साली अमेरिकेत डेव्ह एचेल्स यांनी 'इमेजिंग रिसोर्स' सुरू केले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस फिल ॲस्की या ब्रिटिश गृहस्थाने 'डीपीरिव्ह्यू'. या मंडळींनी एक गोष्ट अशी केली की तिचे महत्त्व त्या वेळी फारसे कोणाच्या ध्यानात आले नसावे. कॅमेऱ्याने काढलेली मूळ चित्रे, काटछाट न करता, त्यांनी वाचकांपुढे ठेवली. रंगांचे तेच पट्टे, रेघांचा तोच तक्ता, तीच ठरलेली मांडणी. कॅमेरे बदलत, दृश्य बदलत नसे. टेलिफोनच्या तारेवरून असे एक चित्र उतरवून घ्यावयास कित्येक मिनिटे लागत. पण ते एकदा हाती आले की परीक्षकाचे मत बाजूला ठेवून वाचकाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येई.

येथे मला इतिहासाचार्य राजवाडे यांची आठवण होते. १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' यांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तो मूळ पत्रांचा. बखरकार हा काही मुद्दाम खोटे बोलणारा मनुष्य नसतो. पण तो जे सांगतो ते पडताळून पाहण्याचे साधन तो आपल्या हाती देत नाही. मूळ पत्र देते. डिजिटल चित्राच्या पोटात तर पत्रावरील मितीप्रमाणे नोंदी असतात. १९९५ साली जपानमध्ये ठरलेल्या 'एक्झिफ' पद्धतीनुसार कॅमेऱ्याचे नाव, दिवस, वेळ, उजेड किती वेळ आत घेतला, हे चित्रातच लिहिलेले असते. ही नोंद बदलता येते हे खरे. परंतु बनावट पत्रेही असतात, म्हणून कोणी दप्तर जाळीत नाही.

आता पहिला प्रश्न, निःपक्षपातीपणाचा. परीक्षकाची गरज उघड आहे. त्याला कॅमेरा हवा, आणि तो बाजारात येण्यापूर्वी हवा. तेव्हा तो कंपनीकडूनच उसना घ्यावा लागतो. त्याचे घर जाहिरातींवर चालते, आणि जाहिराती देणार कोण, तर कॅमेरे विकणारेच. ॲमेझॉनने १९९६ साली दलालीची योजना सुरू केली. लेखातून दुकानाकडे गेलेल्या वाचकाने खरेदी केली की लेख प्रसिद्ध करणाऱ्याला काही वाटा मिळू लागला. असा वाटा मिळणाऱ्या परीक्षकाला कोणता कॅमेरा विकला जातो याची फिकीर नसेलही. पण काहीतरी विकले जावे असे वाटणे स्वाभाविक आहे. "यंदा काहीच घेऊ नका, जुनाच पुरे" हा सल्ला त्यामुळे महाग पडू लागला. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २००९ साली आपली मार्गदर्शक तत्त्वे सुधारली आणि लिहिणाऱ्याने असे हितसंबंध उघड करावेत असे स्पष्ट सांगितले. म्हणजे आपण ज्या दहा वर्षांविषयी बोलत आहोत, ती सरल्यानंतर.

याच्या उलट टोकाला अमेरिकेतील 'कन्झ्यूमर्स युनियन' ही संस्था. १९३६ साली ती स्थापन झाली. तिच्या मासिकात जाहिरात नाही. तपासावयाची वस्तू ती साध्या गिऱ्हाइकासारखी दुकानातून पैसे मोजून आणते. निःपक्षपातीपणाचा याहून चांगला नमुना सापडणे कठीण. तरीही जानेवारी २००७ मध्ये या संस्थेने लहान मुलांच्या मोटारीतील आसनांची चाचणी प्रसिद्ध केली आणि बारांपैकी बहुतेक आसने नापास ठरवली. दोन आठवड्यांत उघड झाले की बाजूने बसणारा धक्का ताशी ३८ मैलांचा समजून दिला होता, तो प्रत्यक्षात सुमारे ७० मैलांच्या तोडीचा होता. संस्थेने अहवाल मागे घेतला. हे उदाहरण कॅमेऱ्याचे नाही, तरी मुद्दाम दिले. कोणाचा एक पैसाही न घेतलेला परीक्षक चुकू शकतो. आणि उसना कॅमेरा वापरणारा बरोबर असू शकतो. हेतूची शुद्धता आणि मोजमापाची शुद्धता या निरनिराळ्या तपासाव्या लागतात.

मोजमापाचा प्रश्न त्या काळी विलक्षण बिकट होता. लोक कॅमेरा मोजीत मेगापिक्सेलवर, म्हणजे दहा लाख बिंदूंच्या हिशेबात. पण बिंदू कशाला म्हणावयाचे? २००० साली फुजीफिल्मच्या फाइनपिक्स ४७०० या कॅमेऱ्यात सुमारे २४ लाख संवेदनबिंदू होते आणि चित्र निघे ४३ लाख बिंदूंचे. मधले बिंदू गणिताने भरलेले. २००२ सालच्या सिग्मा एसडी-९ चे चित्र सुमारे ३४ लाख बिंदूंचे. परंतु त्याच्या संवेदकात एकाखाली एक असे तीन थर होते, म्हणून कंपनी आकडा सांगे एक कोटीहून अधिक. ही शुद्ध फसवणूक, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण इतर कॅमेरे तरी काय करीत होते? कोडॅकच्या ब्राइस बायर यांना १९७६ साली ज्या रचनेचे पेटंट मिळाले, तीत निम्मे बिंदू फक्त हिरवा रंग पाहतात, पाव तांबडा आणि पाव निळा. उरलेले दोन रंग प्रत्येक बिंदूला शेजाऱ्यांवरून अंदाजाने ठरवावे लागतात. गणित सर्वांच्याच घरी होते, प्रमाण कमीजास्त. अशा वादात चांगला परीक्षक आकड्यावर भांडत बसला नाही. त्याने एकमेकींजवळ सरकत जाणाऱ्या रेघांच्या तक्त्याचे चित्र काढले, आणि कोणत्या ठिकाणी रेघा एकमेकींत मिसळून जातात ते दाखवले. २००० साली या मोजमापाचे आयएसओ १२२३३ हे आंतरराष्ट्रीय मानकही निघाले. बॅटरीचीही हीच कथा. एका भरणीत किती चित्रे निघतात, हे प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने मोजी. २००३ साली जपानच्या उत्पादक संघाने नियम घालून दिला की दर ३० सेकंदांनी एक चित्र काढावे आणि एकाआड एक चित्राला फ्लॅश वापरावा. त्यापूर्वीचे छापील आकडे एकमेकांशी ताडून पाहणे म्हणजे गावोगावच्या पायलीने मोजलेले धान्य एका राशीत ओतणे होय.

याखेरीज एक मर्यादा अशी आहे की तिला कोणाचाच इलाज नाही. ती काळाची. ऑक्टोबर २००५ मध्ये अनेक नामांकित जपानी कंपन्यांनी मागील काही वर्षांत विकलेले कॅमेरे विनामूल्य दुरुस्त करून देण्याचे जाहीर केले. त्या सर्वांत सोनीने बनवलेले संवेदक होते, आणि उष्ण व दमट हवेत त्यांच्या आतील जोडणी निकामी होऊन चित्र वेडेवाकडे येई किंवा मुळीच येत नसे. त्या कॅमेऱ्यांची परीक्षणे प्रामाणिक होती, मोजमापेही बरोबर होती. पण परीक्षक यंत्र हाताळतो दोनचार आठवडे. यंत्राला दगा द्यावयास वर्षे लागली. कोकणातला पावसाळा परीक्षकाच्या टेबलावर कधी येत नाही.

आता थोडे घरचे सांगतो. २००३ साली माझ्या आईचे सहस्रचंद्रदर्शन होते. अमेरिकेतील पुतण्याने त्यासाठी डिजिटल कॅमेरा आणला, आणि सोबत त्याच्या परीक्षणाची छापील पानेही. मी शेवटचे पान वाचले. तेथे शिफारस होती, समाधान झाले. संध्याकाळी माजघरात सुना ओवाळू लागल्या. निरांजनांच्या उजेडात आई प्रसन्नपणे हसली आणि मी बटण दाबले. यंत्र क्षणभर घुटमळले. चित्र आले ते थोरल्या वहिनींच्या खांद्याचे. आईने तोवर मान वळवली होती. पुढच्या वर्षी ती गेली. पुष्कळ दिवसांनी ती पाने पुन्हा हाती आली. आतल्या एका कोष्टकात स्वच्छ लिहिले होते की मंद उजेडात बटण दाबल्यापासून चित्र टिपेपर्यंत एका सेकंदाहून अधिक वेळ लागतो. परीक्षक निःपक्षपाती होता, विश्वसनीयही होता. वाचक आळशी निघाला.

म्हणून जुनी परीक्षणे चाळताना मी आता तीन गोष्टी पाहतो. लिहिणाऱ्याचा चरितार्थ कशावर चालतो आणि ते त्याने सांगितले आहे काय. त्याने मत दिले आहे की मत बनवण्याचे साधन दिले आहे. आणि त्याच्या हाती जे यंत्र होते, ते बाजारात विकले गेले तेच होते की कारखान्यातून आलेला अपुरा नमुना. शेवटचा शेरा मी शेवटी वाचतो, आणि पुष्कळदा वाचावाच लागत नाही.

मे २००७ मध्ये ॲमेझॉनने 'डीपीरिव्ह्यू' विकत घेतले. परीक्षक दुकानदाराच्या घरी राहावयास गेला. संशय घेण्याजोगीच गोष्ट होती. परंतु ठरलेल्या दृश्यांची चित्रे वाचकांपुढे होती तोवर तो संशय ज्याचा त्याला पडताळून पाहता येत होता. मार्च २०२३ मध्ये हे काम बंद होणार असे जाहीर झाले, तेव्हा जुनी परीक्षणे जतन करून ठेवण्यासाठी जगभर धावपळ उडाली. जूनमध्ये दुसऱ्या एका अमेरिकन प्रकाशनसंस्थेने ते विकत घेतले आणि दप्तर वाचले. लोकांची ती धावपळ शिफारशींसाठी नव्हती. वीस वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्याची शिफारस कोणाला हवी असते? ती पुराव्यांसाठी होती.

आपल्या देशातही २०२२ साली भारतीय मानक ब्यूरोने ग्राहकांच्या अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढले. चांगले झाले. पण नियम परीक्षकाला फार तर सरळ ठेवील. आपल्या वतीने कोष्टक तो वाचणार नाही. आज रात्री घरी गेल्यावर आपण पंखा, औषध किंवा मुलाची शाळा यांविषयी कोणाचे मत वाचाल, तेव्हा त्याच्या शेवटच्या ओळीआधी त्याचा पुरावा शोधा, एवढीच विनंती.