लाचेचा आरोप आणि न्यायाची रीत

इंग्रजी अमदानीत भिवंडीसारख्या तालुक्याच्या गावी मामलेदार म्हणजे मूर्तिमंत सरकारच समजला जात असे. सारावसुली त्याच्या हाती, फौजदारी खटलेही त्याच्यापुढे. असा अधिकारी स्वतःच लाचेच्या प्रकरणात सापडला, तर त्याला न्याय कोणत्या रीतीने द्यावयाचा? क्रॉफर्ड प्रकरणाने १८८८ साली हा प्रश्न महाराष्ट्रापुढे आणला.

ज्यांचे नाव मुंबईच्या मंडईस दिले गेले, ते आर्थर क्रॉफर्ड त्या वेळी मध्य विभागाचे कमिशनर होते. नेमणुका, बदल्या व बढत्या यांसाठी हणमंतराव नावाच्या मध्यस्थामार्फत ते मामलेदारांकडून पैसे घेतात, असा त्यांच्यावर आरोप आला. लाच देणाऱ्यावाचून लाचेला साक्षीदार सहसा मिळत नाही; म्हणून मुंबई सरकारने मामलेदारांना अभय दिले, की खरे सांगा, तुमच्यावर खटला होणार नाही आणि नोकरीही जाणार नाही. त्या वचनावर विसंबून अनेकांनी आपला दोष आपल्याच तोंडाने कबूल केला.

पुढे पुण्यास तीन सदस्यांचे कमिशन बसले. साहेबांस वकील मिळाले, साक्षीदारांची उलटतपासणी झाली, आणि लाचेच्या आरोपातून ते सुटले. आपल्या अंमलाखालील लोकांकडून कर्जे घेतल्याच्या दोषास्तव मात्र त्यांची नोकरी गेली. याबद्दल आमची तक्रार नाही. संशयिताला अशीच चौकशी मिळावयास हवी. आमची तक्रार पुढची आहे. लाच दिल्याचे कबूल करणारे लोक न्यायासनावर कसे राहतात, असा गिल्ला विलायतेत झाला. तेव्हा १८८९ साली सरकारने आपले वचन अर्धेच पाळले: कायदा करून खटल्यापासून संरक्षण दिले, पण काही मामलेदारांना नोकरीतून दूर केले. त्यांच्याविरुद्ध पुरावा कोणता? अभय देऊन घेतलेली त्यांचीच जबानी! लोकमान्य टिळकांनी त्यांची बाजू हिरीरीने मांडली. लाच देणे निंद्य, हे कोण नाकारील? पण दिलेला शब्द मोडून केलेली शिक्षा हा न्याय नव्हे.

या प्रकरणानंतर शंभर वर्षांनी, २९ एप्रिल १९८८ रोजी, महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री अंतुले यांच्या भ्रष्टाचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आपलीच चूक सुधारली. विशेष न्यायाधीशाकडील खटला उच्च न्यायालयाकडे सोपविण्याचा १९८४ चा आपला हुकूम सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने रद्द केला. कारण त्यामुळे आरोपीचा उच्च न्यायालयात अपील करण्याचा हक्क बुडत होता. आरोपी दोषी की निर्दोष, हा प्रश्न तेथे नव्हताच.

थोरामोठ्यांच्या खटल्यात ठरलेला हा नियम लहानांच्याही कामी येतो, हेच त्याचे खरे मोल. आज एखाद्या कारकुनावर बेहिशेबी मालमत्तेचा संशय आला, की दुसऱ्याच दिवशी गाव त्याला चोर ठरविते. मिळकतीहून अधिक संपत्तीचा हिशेब त्याने द्यावा, हे कायद्याचे मागणे रास्तच आहे. पण तो हिशेब न्यायासनापुढे, वकिलासह आणि अपिलाची वाट मोकळी ठेवून देण्याचा अधिकार जितका क्रॉफर्डसाहेबांचा होता, तितकाच त्या कारकुनाचाही आहे.