पहिली इलेक्ट्रिक गिटार घेण्याआधी तिचा इतिहास

पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक एकाच वळणाचे असतात. "मेथड कोणती चांगली?" "सॉफ्टवेअर कोणतं शिकू?" मी उलट विचारते, "शोधायचं काय आहे?" तिथे गाडी अडते. मध्यंतरी एका ज्युनिअरने असाच एक प्रश्न विचारला, फक्त विषय वेगळा होता. पाच वर्षं अकूस्टिक गिटार वाजवतोय, फेलोशिप सुरू झाली आहे, आता पहिली इलेक्ट्रिक घ्यायची आहे. सगळ्यात चांगली कोणती?

याचं उत्तर ब्रँडच्या नावात नाही. दुकानात भिंतीवर टांगलेली प्रत्येक गिटार हे कुठल्या तरी जुन्या प्रश्नाचं उत्तर आहे. प्रश्न माहीत नसेल, तर उत्तर निवडणार कसं? म्हणून आजचा लेख त्या प्रश्नांच्या इतिहासावर. संशोधनाची तयारी करताना हा इतिहास कामाला येईल, असं मला वाटतं.

पहिला प्रश्न: ऐकू कसं जाईल?

अकूस्टिक गिटारची तार स्वतः फार कमी हवा हलवते. तिचं कंपन घोडीवाटे वरच्या लाकडी फळीत जातं, फळी हलते, आणि मग आवाज आपल्यापर्यंत येतो. खोलीत हे पुरतं. पण १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या नृत्यवृंदांत ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ड्रम्सच्या गलक्यात गिटार हरवून जायची. लोकांनी आधी पेटी मोठी करून पाहिली, मग पेटीत धातूच्या थाळ्या बसवून पाहिल्या. तरी पुरेना.

जॉर्ज बोशँप यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी हवेतला आवाज पकडायचा नाद सोडला आणि तारेची हालचालच पकडली. पोलादी तारेजवळ चुंबक आणि तांब्याच्या तारेची गुंडाळी ठेवायची. तार चुंबकित होते, ती हलली की गुंडाळीतला चुंबकीय प्रवाह बदलतो आणि तेवढ्याच वारंवारतेचा विद्युतदाब तयार होतो. बारावीला शिकलेला फॅरेडेचा नियम, बस्स. फॅरेडेचा प्रयोग १८३१ चा, आणि बोशँप यांचा नमुना बरोबर शंभर वर्षांनी, १९३१ चा. तत्त्व सगळ्यांना माहीत असतं. ते आपल्या अडचणीला लावून बघणारा माणूस यायला कधीकधी शतक जातं.

एक शोध, चार तारखा

इथे जरा थांबू. "इलेक्ट्रिक गिटारचा शोध कधी लागला?" असं कुणी विचारलं तर काय लिहाल? नमुना तयार झाला १९३१ मध्ये. अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांच्यासोबत काढलेल्या कंपनीने ती बाजारात आणली १९३२ मध्ये. गोल अंग आणि लांब दांडा यामुळे तिला "फ्राइंग पॅन" हे नाव पडलं. पेटंटचा अर्ज २ जून १९३४ चा. पेटंट मिळालं १० ऑगस्ट १९३७ ला.

चारही वर्षं खरी आहेत. फक्त प्रत्येक वर्ष वेगळ्या घटनेचं आहे. प्रबंधात नुसतं "१९३७ साली शोध लागला" लिहिलंत, तर परीक्षक पहिल्याच पानावर तुम्हाला धरेल. तारीख लिहिताना ती कशाची तारीख आहे, तेही लिहायचं. ही सवय आत्ताच लावून घ्या.

मांडीवरची गिटार

अजून एक गंमत. ही पहिली इलेक्ट्रिक गिटार आज आपण धरतो तशी धरायची नव्हती. ती हवाईयन पद्धतीची, मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून धातूचा दांडा सरकवत वाजवायची. तेव्हा अमेरिकेत हवाईयन संगीताची हवा होती, म्हणून बाजार तिथे होता.

आपल्याकडेही विजेवरच्या गिटारची मोठी ओळख आधी याच रूपात झाली. लखनौहून मुंबईत आलेले व्हॅन शिपले आणि हजारा सिंग यांनी इलेक्ट्रिक हवाईयन गिटारवर हिंदी चित्रपटगीतांच्या धून वाजवल्या आणि त्यांच्या तबकड्या निघाल्या. शिपले यांच्यासोबत अ‍ॅकॉर्डियनवर पुण्याचे एनॉक डॅनियल्स असायचे. इथे मात्र कारण फक्त फॅशनचं नव्हतं. सरकत्या दांड्यामुळे पडद्यांची अडचण उरत नाही, म्हणजे मींड घेता येते. आणि अ‍ॅम्प्लिफायरमुळे स्वर लांबतो, म्हणजे मींड संपेपर्यंत ऐकू येते. अमेरिकेत जे वाद्य मोठ्या आवाजासाठी जन्मलं, ते मुंबईत गळ्यासारखं गायला लागलं. वाद्य तेच, पण त्याला विचारलेला प्रश्न बदलला.

उत्तरातून निघालेले नवे प्रश्न

उभी धरायची इलेक्ट्रिक गिटार लोकप्रिय व्हायला गिब्सन कंपनीचं १९३६ चं ईएस-१५० हे मॉडेल कारणीभूत ठरलं. गिटार, अ‍ॅम्प्लिफायर आणि केबल मिळून साधारण १५० डॉलर. १९३९ मध्ये चार्ली ख्रिश्चन बेनी गुडमन यांच्या वृंदात आले आणि गिटार सॅक्सोफोनच्या बरोबरीने एकेरी स्वरांत बोलू लागली.

पण तिचं अंग अजून पोकळ होतं. अ‍ॅम्प्लिफायर वाढवला की स्पीकरचा आवाज पोकळ पेटीला हलवायचा, पेटी तारेला, तार पुन्हा स्पीकरला, आणि शेवटी नुसती किंकाळी. यालाच फीडबॅक म्हणतात. उपाय उलटा निघाला: पेटीच काढून टाका. रेडिओ दुरुस्तीच्या धंद्यातून आलेले लिओ फेंडर यांनी १९५० मध्ये भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. तिचंच नाव पुढे टेलिकास्टर झालं. गिब्सनची लेस पॉल १९५२ ची, फेंडरची स्ट्रॅटोकास्टर १९५४ ची. लिओ फेंडर यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मग तिसरा प्रश्न आला, घरघरीचा. एका गुंडाळीचा पिकअप तारेसोबत भिंतीतल्या वायरिंगचाही आवाज पकडतो. अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५० हर्ट्झ. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी दोन गुंडाळ्या उलट्या जोडल्या आणि त्यांचे चुंबकीय ध्रुवही उलटे ठेवले. बाहेरून आलेली घरघर दोन्हींत विरुद्ध होऊन कटते, तारेचा सिग्नल मात्र बेरजेत येतो. त्याचं नाव हंबकर; अर्ज १९५५ चा, गिटारींवर १९५७ पासून. प्रयोगशाळेत डिफरन्शियल मेजरमेंट केलं असेल, तर हे तुम्हाला ओळखीचं वाटेल.

एक वादक, दोन गाणी

आता मुंबईतलं उदाहरण घेऊ. भूपिंदर सिंग यांना आपण गायक म्हणून ओळखतो, पण राहुलदेव बर्मन यांच्या ध्वनिमुद्रणांत ते गिटारवादकही होते. १९७१ च्या "हरे रामा हरे कृष्णा" मधल्या "दम मारो दम" मध्ये त्यांची इलेक्ट्रिक गिटार आहे. १९७३ च्या "यादों की बारात" मधल्या "चुरा लिया है तुमने" मध्ये अकूस्टिक आहे.

दोन्ही सलग ऐका. दोन वर्षांचं अंतर, वादक तोच, संगीतकार तोच. इलेक्ट्रिकमधून अकूस्टिककडे येणं म्हणजे मागे येणं असतं, तर दुसरं गाणं तसं झालंच नसतं. म्हणून "अकूस्टिक झाली, आता पुढची पायरी इलेक्ट्रिक" ही शिडीच मनातून काढा. गुणात्मक पद्धतीनंतर संख्यात्मक पद्धत ही जशी बढती नाही, तसंच हे.

मगनवाडीतले चरखे

साधनामागचा प्रश्न बघायला आपल्याला वर्ध्याबाहेर जायची गरज नाही. बोशँप यांनी पेटंटचा अर्ज केला त्याच १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. मगनवाडीतलं मगन संग्रहालय गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ ला उघडलं. तिथे चरख्यांचे प्रकार बघताना "यातला चांगला कोणता?" असं विचारून बघा, निरर्थक वाटेल. पेटी चरखा मिटवून प्रवासात नेण्यासाठी आहे, त्याची तुलना घरात एका जागी बसवलेल्या मोठ्या चाकाशी कशी करणार?

अखिल भारतीय चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्यात आधी अटी लिहिल्या होत्या: खेड्यातल्या साध्या घरात चालावा, बाईला आठ तास फार न शिणता चालवता यावा, किंमत १५० रुपयांच्या आत असावी. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पण अटी इतक्या स्वच्छ होत्या, म्हणूनच "नाही" म्हणता आलं. तुमचा संशोधन-प्रश्न असा हवा, की उत्तर चुकलं तर ते कळलं पाहिजे.

मग घ्यायची कोणती?

दुकानात जाण्याआधी स्वतःच्या अटी कागदावर लिहा. नागपूरला जाऊन आणलेली गिटार बदलायला पुन्हा जाणं जमतंच असं नाही, आणि फेलोशिपचा हप्ता कधी येईल ते आपण सगळे जाणतो.

वाजवणार कुठे? होस्टेलच्या जुन्या वायरिंगला धड अर्थिंग नसेल, तर एका गुंडाळीचा पिकअप रात्रभर गुणगुणेल; तिथे हंबकर बरा. स्वच्छ, टोकदार, तुटक सूर हवा असेल आणि वायरिंग ठीक असेल, तर एक गुंडाळी घ्या. संथ जॅझ किंवा जुनी गाणी कमी आवाजात वाजवणार असाल, तर पोकळ किंवा अर्धपोकळ अंग चालेल. डिस्टॉर्शन लावून मोठ्याने वाजवायचं असेल, तर भरीव अंग.

सगळे पैसे गिटारमध्ये घालू नका. अकूस्टिकमध्ये पेटी विकत घेता. इलेक्ट्रिकमध्ये ती पेटी म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. ईएस-१५० च्या किमतीतही तो धरलेला होता.

हातही नव्याने शिकवावा लागेल. इलेक्ट्रिकच्या तारा बारीक असतात, अकूस्टिकच्या सवयीने जोरात दाबलं की सूर चढतो. डिस्टॉर्शनवर सहा तारांचा पूर्ण कॉर्ड छेडला तर चिखल होतो, कारण प्रत्येक दोन वारंवारतांच्या बेरजा आणि वजाबाक्या नव्याने तयार होतात. षड्ज-पंचमाचं ३:२ नातं तेवढं त्यात टिकतं, म्हणून रॉकवाले दोन-तीन तारांवर काम भागवतात. जी तार वाजायला नको ती तळहाताने गप्प ठेवणं, हा इलेक्ट्रिकचा अर्धा रियाज आहे.

आणि सगळ्यात मजेची गोष्ट. ऐकू जात नाही म्हणून जन्मलेलं हे वाद्य आज होस्टेलवर कितीतरी जण उलट्या कारणासाठी घेतात: हेडफोन लावला की रात्री दोन वाजताही शेजारच्या खोलीत काही जात नाही. साधन ज्या प्रश्नासाठी बनलं, तोच तुमचा प्रश्न असला पाहिजे असं नाही. पण तुमचा कोणता, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर गाईड तेच विचारणार आहेत.