दोन निकेल (मीम)

'फिनियस अँड फर्ब' या अमेरिकन कार्टून मालिकेतला खलनायक डॉ. हाइन्झ डूफनश्मर्ट्झ याच्या एका वाक्यावरून तयार झालेले इंटरनेट मीम. वाक्य मूळचे 'अक्रॉस द सेकंड डायमेन्शन' (२०११) या मालिकेवरच्या चित्रपटातले.

बाहुलीमुळे आपण गोत्यात आलो त्या दर वेळी एक निकेल मिळाले असते, तर आज दोन निकेल जमले असते. रक्कम काही फार नाही, पण असे दोनदा घडावे हे विचित्रच, असा त्याचा आशय. निकेल म्हणजे पाच सेंटचे नाणे. 'अमुक झाले की दर वेळी एक निकेल मिळाले असते, तर मी कधीच श्रीमंत झालो असतो' ही अमेरिकन बोलण्यातली जुनी, घासून गुळगुळीत झालेली तक्रार. ऐकणारा मोठ्या आकड्याची वाट पाहत असतो. डॉक्टर मात्र प्रामाणिकपणे हिशेब करतो आणि दहा सेंटवर येऊन थांबतो.

हे वाक्य त्याच्याच तोंडी शोभते. डॅनव्हिल शहरातला हा शास्त्रज्ञ 'ट्राय-स्टेट एरिया'वर राज्य करण्यासाठी नवनवी यंत्रे बनवतो आणि पेरी नावाचा प्लॅटिपस गुप्तहेर त्याचे बेत उधळतो. पण बेत उलगडण्याआधी पकडलेल्या शत्रूपुढे बसून तो लहानपणीची गाऱ्हाणी सांगतो. त्याच्या जन्माच्या वेळी म्हणे त्याचे आईवडीलच हजर नव्हते! पुढे घरच्या अंगणात शोभेचा बुटका पुतळा बनून उभे राहण्याचे कामही त्याच्याच वाट्याला आले. आपल्या दुर्दैवाची इतकी बारीक नोंद ठेवणारा माणूस निकेल मोजणारच. धमकी देणाऱ्या खलनायकाची नक्कल करता येते. कुरकुरणाऱ्याचे वाक्य मात्र लोक स्वतःसाठी उसने घेतात.

मीममध्ये चित्रपटातली दृश्ये तशीच राहतात आणि फक्त 'बाहुली'च्या जागी नवा मजकूर येतो. तिथे बसणारी घटना दुर्मीळ हवी आणि नेमकी दोनदा घडलेली हवी. फुटबॉल विश्वचषकाची ज्यूल रिमे ट्रॉफी या चौकटीत चपखल बसते. १९६६मध्ये ती लंडनमध्ये प्रदर्शनातून चोरीला गेली आणि पिकल्स नावाच्या कुत्र्याने कुंपणाच्या झुडपाखाली हुंगून काढली; १९८३मध्ये रिओत पुन्हा चोरीला गेली, ती आजतागायत मिळालेली नाही. उलट, जॉन अ‍ॅडम्स आणि थॉमस जेफरसन हे दोघे माजी अमेरिकन राष्ट्राध्यक्ष १८२६च्या ४ जुलैलाच वारले, हे उदाहरण वरवर उत्तम वाटते. पण १८३१मध्ये त्याच तारखेला जेम्स मन्रोही गेले आणि नाणी तीन झाली.

डूफनश्मर्ट्झला आवाज दिला आहे डॅन पोव्हेनमायर यांनी. जेफ 'स्वॉम्पी' मार्श यांच्यासह तेच मालिकेचे जनक. २००७मध्ये सुरू झालेली मालिका २०१५मध्ये थांबली, नवे भाग २०२५मध्ये आले. मधल्या काळात पोव्हेनमायर टिकटॉकवर डॉक्टरच्या आवाजात चाहत्यांशी बोलत राहिले. लेखक आणि आवाज एकच असल्याने पात्र पडद्याबाहेरही तितकेच अस्सल राहिले, हे या मीमचे मोठे भाग्य.

याच पात्राचे दुसरे गाजलेले मीम टोपीचे. समोर उभा असलेला प्लॅटिपस डॉक्टरला नुसता प्लॅटिपसच वाटतो. त्याने तपकिरी फेडोरा डोक्यावर चढवली, की डॉक्टर दचकून त्याचे पूर्ण नाव घेत ओरडतो. तिथेही लोक प्लॅटिपसच्या जागी हवी ती वस्तू बसवतात.