उतारा

काष्टीत पीककर्जाचं बोलणं निघालं की 'उतारा' हा शब्द हमखास येतो. सातबाराचा उतारा, आठ-अचा उतारा. पुस्तकातला उताराही तोच.

संस्कृत 'तॄ' धातू म्हणजे पार होणं. उतरणं, अवतार, अवतरण ही सगळी त्याचीच लेकरं. एका कागदावरून दुसऱ्यावर उतरवून घेतला तो उतारा. विष उतरवणारं औषध उताराच, आणि दृष्ट काढून तिठ्यावर ठेवलेला भातही.

जसंच्या तसं उतरवण्याची निष्ठा आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला जुनी आहे. तेराव्या शतकात सराळ्याच्या म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या आठवणी, ज्यांनी ऐकल्या-पाहिल्या त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या. त्यातून 'लीळाचरित्र' झालं. पुढे केशोबासांनी चक्रधरांची वचनं वेचून 'सूत्रपाठ' सिद्ध केला. दुसऱ्याचे शब्द जपण्याचा याहून देखणा नमुना मराठीत मला दिसत नाही.

आज फोनवर फिरणाऱ्या सुविचारांना ना गाव, ना धनी. परभाषेतलं वचन तर मराठीत येता येता पार पालटतं. खातेदाराचं नाव नसलेला सातबारा बँक घेत नाही. वाचनातला उतारा देतानाही मूळ लेखकाचं आणि अनुवादकाचं नाव लिहा.