मोजलेला बार

ठासणीच्या बंदुकीत बार भरताना क्रम चुकवून चालत नाही. आधी दारू, तिच्यावर काथ्याचा किंवा कागदाचा बोळा, मग छर्रे, आणि नळी खाली झुकली तरी ते घरंगळू नयेत म्हणून वर आणखी एक पातळ बोळा. मधूनमधून गजाने ठासणे आहेच. शेवटी घोड्याखाली केप. एवढे उरकेपर्यंत पाखरू डोंगरापलीकडे. म्हणूनच मोजमापाचे काम घरी निवांत आटोपून बार तयार कसा न्यायचा, याचा खल काडतुसाची बंदूक येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता.

पहिली सोय झाली ती शिपायाची. याकोब द गेन याच्या १६०७ च्या कवायतीच्या चित्रपुस्तकातले बंदूकधारी खांद्यावरून तिरका पट्टा घालतात. पट्ट्याला लाकडी कुप्या लटकतात. एका कुपीत एका बाराची दारू. माप चुकायची भीती गेली, पण कुप्यांची कटकट आली. त्या एकमेकींत अडकत, रात्रीच्या छाप्यात खडखडून सुगावा देत, एखादी ठिणगी पडली तर पेटतही. लॉर्ड ऑररीने १६७७ च्या आपल्या युद्धशास्त्राच्या ग्रंथात याच तक्रारी मांडून कागदी काडतुसाची बाजू घेतली.

कागदी काडतूस म्हणजे गोळी आणि दारू एकत्र गुंडाळलेली पुडी. टोक दाताने फाडायचे, दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची. पुढे एन्फिल्ड रायफलीच्या अशाच पुडीला गाईची आणि डुकराची चरबी लावल्याची बातमी डमडमच्या छावणीतून पसरली आणि १८५७ पेटले.

शिकाऱ्याचे दुखणे वेगळे होते. त्याला एक गोळी नव्हे, शेकडो छर्रे न्यायचे असत. दारू शिंगात किंवा तांब्याच्या डबीत, छर्रे कातडी पिशवीत. दोन्हींच्या तोंडाशी माप. शेफील्डच्या जेम्स डिक्सनसारख्या कारखान्यांनी अशा डब्या-पिशव्या जगभर पोचवल्या. बारा बोअरच्या बंदुकीला पाचेक ग्रॅम दारू आणि तीस-बत्तीस ग्रॅम छर्रे लागत. वजनात एवढा फरक, पण शिसे जड असल्यामुळे दोन्ही मावत जवळजवळ एकाच मापात. त्यामुळे अनेक जण एकाच मापाने दोन्ही भरत.

छर्ऱ्यांची तयार पुडी नावारूपाला आणली लंडनच्या ईली बंधूंनी, १८२८ च्या सुमारास. बारीक तारेच्या जाळीत छर्रे, मधल्या फटींत हाडांची पूड, वरून कागद. दारू आधी वेगळी ओतायची आणि तिच्यावर ही पुडी सरकवायची. जाळीमुळे नळीबाहेर पडल्यावरही छर्रे काही अंतर एकत्र राहत आणि लांबवर पोचत. कधीकधी मात्र जाळी सुटतच नसे. मग अख्खी पुडी गोळीसारखी जाई आणि पाखरू तरी वाचे नाहीतर चिंधड्या तरी होत. बंधूंपैकी विल्यम ईली १८४१ मध्ये केपेतल्या स्फोटक द्रव्याच्या स्फोटात दगावला.

पॅरिसच्या लफोशोने १८३० च्या दशकात दारू, बोळा, छर्रे आणि ठिणगीची सोय हे सगळे पितळी बुडाच्या एका कागदी नळकांड्यात बसवले आणि मागून उघडणारी बंदूक त्याच्याशी जुळवली. मागून भरायच्या बंदुकांचे प्रयोग शतकानुशतके चालू होते, पण दारूचा भडका सांध्यातून मागे फुटे. बार उडताच काडतुसाचे बूड फुगून ती फट बुजवू लागले, तेव्हा कुठे अशी बंदूक शिकाऱ्याच्या भरवशाची झाली. बंदुकीला पाठीमागचे दार मिळाले ते पुडीच्या जोरावर.

ईलींची जाळीही वाया गेली नाही. १९६० च्या दशकात काडतुसात आलेली प्लास्टिकची वाटी तेच काम करते, फक्त बाहेर पडताच पाकळ्यांसारखी उमलून छर्रे मोकळे करते. आणि कोकणात पीक राखायला परवान्याची ठासणीची बंदूक बाळगणाऱ्याला आजही कारखान्याची कुठलीच पुडी उपयोगी नाही. बाराचे माप त्याचे त्यालाच धरावे लागते.