वरवट बकाल परिसरातील शेतमजुरी व रोजगार

वरवट बकाल हे महाराष्ट्रातील बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील बाजारपेठेचे गाव आहे. प्रशासकीयदृष्ट्या ते अमरावती विभागात आणि सांस्कृतिकदृष्ट्या वऱ्हाडात मोडते. या परिसराची अर्थव्यवस्था काळी जमीन, मोसमी पाऊस आणि कापूस या तीन गोष्टींवर उभी आहे. जेथे उपजीविका एखाद्या नैसर्गिक साधनसंपत्तीवर आणि तिच्यापासून मिळणाऱ्या मोजक्या मालावर अवलंबून असते, तेथील रोजगार व मजुरीही त्या मालाच्या हंगामाप्रमाणे व बाजारभावाप्रमाणे बदलतात. वरवट बकाल परिसर हे त्याचे ठळक उदाहरण आहे. येथील शेतमजुराचे वार्षिक उत्पन्न रोजाच्या दरापेक्षाही वर्षात मिळणाऱ्या कामाच्या दिवसांवर अधिक अवलंबून राहिले आहे.

भौगोलिक आधार

संग्रामपूर तालुक्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा असून दक्षिणेकडील सपाट प्रदेश पूर्णा नदीच्या खोऱ्यात येतो. पूर्णेच्या दोन्ही तीरांवर अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या पट्ट्याला ‘खारपाणपट्टा’ म्हणतात. त्याचे क्षेत्र सुमारे ४.७ लाख हेक्टर मानले जाते. येथील भूजलात क्षारांचे प्रमाण जास्त असल्याने विहिरीचे पाणी पिकाला देता येत नाही. दिले तर जमीन चिबड व कडक होत जाते. त्यामुळे पट्ट्यातील बहुतांश शेती कोरडवाहू राहिली आहे.

याचा रोजगारावर थेट परिणाम होतो. सिंचन असेल तेथे खरिपानंतर गहू, हरभरा, कांदा किंवा फळबागा यांत मजुराला काम मिळते. खारपाणपट्ट्यात कापूस वेचून झाला की शेतीतील कामच संपते. सातपुड्याच्या पायथ्याशी, सोनाळा परिसरात, गोडे पाणी उपलब्ध असल्याने संत्र्याच्या बागा आहेत व तेथे उन्हाळ्यातही काही कामे निघतात. एकाच तालुक्यातील दोन गावांत रोजाचा दर जवळपास सारखा असूनही मजुरांच्या वार्षिक कमाईत फरक पडतो, तो या कारणाने.

खाऱ्या पाण्याचा दुसरा परिणाम आरोग्यावर झाला. संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत मूत्रपिंडाच्या विकारांचे प्रमाण हा दीर्घकाळ चिंतेचा विषय राहिला आहे. शेतमजूर कुटुंबात कमावती व्यक्ती आजारी पडणे म्हणजे औषधाचा खर्च आणि बुडालेला रोज असा दुहेरी भार होय. वान नदीवरील धरणाच्या पाण्यावर आधारलेली १४० गावांची पाणीपुरवठा योजना या दोन तालुक्यांसाठी हाती घेण्यात आली.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड प्रांत ब्रिटिशांच्या ताब्यात दिला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकी यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाला अभूतपूर्व मागणी आली. १८६७ मध्ये मुंबईहून येणारा लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा फाटा खास कापसाच्या वाहतुकीसाठी सुरू झाला. खामगाव, शेगाव, मलकापूर येथे सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. गावातील मजुराला शेतीबाहेर हंगामी काम देणारे हे या भागातील पहिले मोठे उद्योग होत.

नगदी पिकाच्या या विस्ताराबरोबर मजुराचे जीवनही बाजाराशी जोडले गेले. पूर्वी मोबदल्याचा मोठा भाग ज्वारीच्या रूपाने मिळत असे. रोख मजुरी वाढत गेली तशी धान्य विकत घेण्याची वेळ वाढत गेली. १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांत याचा कटू अनुभव आला. पीक बुडाल्याने काम थांबले आणि त्याच वेळी धान्य महागले. हातात मजुरी नसलेल्या कुटुंबांना सरकारी दुष्काळी कामांचा आश्रय घ्यावा लागला.

स्वातंत्र्योत्तर काळात राज्य शासनाने १९७२–७३ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना राबविली. शेतकऱ्याला हमीभाव देणे हा तिचा हेतू होता. सुमारे तीन दशकांनी ती मोडीत निघाली. २००२ मध्ये बीटी कापसाच्या लागवडीस मान्यता मिळाली. प्रारंभी उत्पादन वाढले व वेचणीचे कामही वाढले. मात्र कोरडवाहू जमिनीत बियाणे, खते व कीटकनाशके यांचा खर्च वाढत गेला. कर्जबाजारीपणा व शेतकरी आत्महत्या यांच्या पार्श्वभूमीवर जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली. त्यांत बुलढाण्याचा समावेश होता.

मजुरीचे प्रकार

या भागात शेतमजुरीच्या मुख्यतः तीन पद्धती आढळतात.

सालदारी : एका शेतकऱ्याकडे वर्षभरासाठी ठरलेल्या मजुरास ‘सालदार’ म्हणतात. हा करार गुढीपाडवा किंवा अक्षय तृतीयेच्या सुमारास होतो. रोख रकमेबरोबर धान्य देण्याची रीत होती. सालाची काही रक्कम आगाऊ उचलण्याची प्रथा असल्याने मजूर पुढील वर्षीही त्याच मालकाशी बांधला जाण्याची शक्यता राहते. बैलजोड्या कमी झाल्या व ट्रॅक्टर आले तसे सालदारांची गरजही घटली.

रोजंदारी : निंदण, डवरणी, खत देणे, फवारणी अशा कामांसाठी दिवसाच्या दराने मजुरी दिली जाते. पुरुष व स्त्रिया यांचे दर सामान्यतः वेगळे असतात.

उक्ती किंवा गुत्त्याची कामे : काम अंगावर घेऊन एकरी वा वजनाने मोबदला ठरविला जातो. सोयाबीनची सोंगणी बहुधा एकराने, तर कापसाची वेचणी किलोने दिली जाते.

कामाचे वार्षिक चक्र

मृगाच्या पावसानंतर जूनमध्ये कपाशीची लावण होते. जुलै व ऑगस्टमध्ये निंदण व डवरणीची कामे असतात. सप्टेंबरअखेर व ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची सोंगणी आणि त्यापाठोपाठ कापसाची वेचणी सुरू होते. पहिल्या वेचणीच्या वेळी शेतात ‘सीतादही’ करण्याची प्रथा वऱ्हाडात आहे. वेचणी जानेवारीपर्यंत, कधी त्याही पुढे चालते. नंतर पऱ्हाट्या उपटण्याचे थोडे काम उरते. मार्च ते मे हे महिने कोरडवाहू गावांत जवळजवळ रिकामे जातात.

दिवसांच्या संख्येचे महत्त्व पुढील काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. ३०० रुपये रोजाने वर्षात १२० दिवस काम मिळाल्यास ३६,००० रुपये हाती येतात. रोज ५० रुपयांनी वाढला तर ही रक्कम ४२,००० होते. दर तोच ठेवून कामाचे दिवस १६० झाले तर मात्र ती ४८,००० रुपयांवर जाते. केवळ दरांची तुलना केल्यास मजुराची खरी स्थिती कळत नाही, ती यामुळे.

वेचणी आणि स्त्री-मजूर

कापूस वेचण्याचे काम मुख्यतः स्त्रिया करतात. भारतात हे काम आजही बहुतांशी हातानेच होते, कारण येथील कपाशीची बोंडे एकाच वेळी फुटत नाहीत व एकाच शेतात तीन-चार वेळा वेचणी करावी लागते. पहिल्या वेचणीत कापूस भरपूर असल्याने दिवसाचे वजन चांगले भरते. शेवटच्या वेचणीत तेवढाच वेळ राबूनही निम्मा कापूस निघत नाही. म्हणून मजुरणी त्या वेळी किलोमागे जास्त दर मागतात किंवा रोजाने काम करणे पसंत करतात.

शेतकऱ्याच्या दृष्टीने वेचणी हा मोठा रोख खर्च आहे. किलोला १० रुपये दर धरल्यास एका क्विंटलमागे १,००० रुपये लागतात. २०२५–२६ साठी लांब धाग्याच्या कापसाची किमान आधारभूत किंमत क्विंटलला ८,११० रुपये होती; म्हणजे केवळ वेचणीवर आधारभूत किमतीचा सुमारे आठवा हिस्सा खर्च होतो. भाव आधारभूत किमतीच्या खाली गेला की हा हिस्सा आणखी वाढतो. शेतकरी ‘मजूर मिळत नाहीत’ म्हणतो आणि मजूर ‘काम मिळत नाही’ म्हणतो, ही दोन्ही विधाने एकाच गावात खरी ठरतात. पहिले वेचणीच्या दिवसांना लागू पडते, दुसरे उन्हाळ्याला.

समान वेतन कायदा १९७६ मध्ये झाला. तरीही कामांची ‘बायांची’ व ‘गड्यांची’ अशी विभागणी असल्याने दरातील तफावत टिकून राहिली. वजनावर मिळणाऱ्या वेचणीत मात्र स्त्री-पुरुष असा भेद राहत नाही. जेवढे वजन, तेवढी मजुरी.

दरांवर परिणाम करणारे घटक

कापसाचा भाव : २०२१–२२ च्या हंगामात कापसाचा बाजारभाव क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेला. चांगल्या भावाच्या वर्षी माल लवकर विकण्याच्या घाईमुळे वेचणीचे दर चढतात. हा भाव देशाबाहेरील घडामोडींवरही अवलंबून असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र शासनाने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क तात्पुरते उठविले, तेव्हा देशी भाव पडण्याची भीती शेतकरी संघटनांनी व्यक्त केली होती.

पीकपद्धती : १९९० च्या दशकापासून विदर्भात सोयाबीनचा प्रसार झाला. सोयाबीनला कापसापेक्षा पुष्कळ कमी मनुष्यबळ लागते. ज्वारीचे क्षेत्र घटल्याने तिच्या कापणीचे, खुडणीचे व मळणीचे काम गेले आणि मोबदल्यात मिळणारे धान्य व कडबाही गेला.

यंत्रे व तणनाशके : मळणी यंत्रामुळे खळ्यावरचे काम कमी झाले. तणनाशकांच्या वापराने निंदणाचे दिवस घटले. हे काम प्रामुख्याने स्त्रियांचे असल्याने त्याचा फटका त्यांना अधिक बसला. फवारणीचे काम मात्र वाढले. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेत अनेक शेतमजूर व शेतकरी मृत्युमुखी पडले. या कामाच्या मजुरीत जिवाच्या जोखमीचा हिशेब धरला जात नाही, हे त्या घटनेने दाखवून दिले.

महागाई : देशाच्या ग्रामीण भागात साधारण २००७–०८ ते २०१३ या काळात महागाई वजा जाता वास्तविक मजुरी वेगाने वाढली. त्यानंतर हा वेग मंदावला. रुपयांतील दर वाढत राहिला तरी त्यातून मिळणारा किराणा फारसा वाढला नाही.

शासकीय रोजगार

१९७२ च्या दुष्काळात राज्यभर सुरू झालेल्या कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख मजूर होते. या अनुभवातून महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ साली आकारास आला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. योजनेची मूळ कल्पना वि. स. पागे यांची. केंद्राच्या २००५ च्या कायद्याने प्रत्येक ग्रामीण कुटुंबास वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली. महाराष्ट्रासाठी या योजनेचा रोज २०२३–२४ मध्ये २७३, २०२४–२५ मध्ये २९७ आणि २०२५–२६ मध्ये ३१२ रुपये होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत करून हमीचे दिवस १२५ केले.

खारपाणपट्ट्यातील गावांसाठी अशा योजनेचे महत्त्व दुहेरी आहे. रिकाम्या महिन्यांत मजुरी मिळते; शिवाय शेततळी, नाला खोलीकरण, बांधबंदिस्ती यांसारख्या कामांतून पावसाचे गोडे पाणी अडले तर पुढील वर्षी शेतीतच कामाचे दिवस वाढू शकतात. मजुरी उशिरा जमा होणे व मागणीच्या वेळी काम न निघणे या तक्रारी मात्र योजनेच्या आरंभापासून आहेत. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याच्या गावांचा समावेश करण्यात आला.

स्थलांतर व बिगरशेती रोजगार

वेचणीच्या हंगामात बाहेरचे मजूर या भागात येतात आणि उन्हाळ्यात येथील मजूर बाहेर जातात. सातपुड्यातील आदिवासी कुटुंबे व सीमेपलीकडील मध्य प्रदेशातील मजूर वेचणीसाठी खाली उतरतात. दिवाळीनंतर किंवा शिमग्यानंतर स्थानिक तरुण वीटभट्ट्या, बांधकामे व कारखान्यांतील कंत्राटी कामासाठी पुणे, छत्रपती संभाजीनगर, सुरत अशा शहरांकडे जातात.

जिल्ह्यातील बिगरशेती रोजगार मुख्यतः खामगाव व मलकापूर येथील कारखाने, जिनिंग-प्रेसिंग आणि शेगावच्या श्रीगजानन महाराज मंदिरामुळे वाढलेले निवास, वाहतूक व दुकानदारीचे व्यवसाय यांत आहे. वरवट बकालसारख्या बाजारगावात अडत, हमाली, कृषी सेवा केंद्रे, दुरुस्तीची दुकाने व प्रवासी वाहतूक यांतून काही कामे निर्माण होतात. त्यांचीही तेजी-मंदी पिकावरच ठरते. कापूस घरात आला की बाजार फुलतो, पीक बुडाले की उधारी वाढते.

मोजणीतील मर्यादा

जनगणनेत वर्षातून १८३ किंवा अधिक दिवस काम करणाऱ्यास ‘मुख्य’ व त्यापेक्षा कमी दिवस काम करणाऱ्यास ‘सीमांत’ कामगार म्हणतात. हंगामी काम करणाऱ्या अनेक स्त्रिया त्यामुळे सीमांत गणल्या जातात, आणि स्वतःच्या घरच्या शेतावर राबणाऱ्यांचे श्रम पुष्कळदा नोंदलेच जात नाहीत. अल्पभूधारक शेतकरी स्वतःची वेचणी आटोपून दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जातो, तेव्हा त्याला शेतकरी म्हणावे की शेतमजूर, हा प्रश्नही उरतो. किमान वेतनाचा दर दिवसाला ठरतो; किलोने वा एकराने दिलेल्या मजुरीस तो लावून पाहणे अवघड जाते. या कारणांमुळे परिसरातील मजुरीचा अभ्यास करताना रोजाचा दर, कामाचे दिवस, मोबदल्याची पद्धत आणि काम करणारी व्यक्ती स्त्री आहे की पुरुष, या चारही बाबी एकत्र पाहाव्या लागतात.