वमनानंतरची वेदना

ऑक्टोबर १७२३ च्या अखेरीस हॉलंडमधील लायडेन येथील हर्मान बूरहावे या वैद्याला एका उमरावाच्या घरून निकडीचे बोलावणे आले. बूरहावे हा त्या काळी युरोपातील अग्रगण्य वैद्य गणला जाई. रुग्णालयातील अवघ्या बारा खाटांभोवती विद्यार्थ्यांना उभे करून तो वैद्यक शिकवीत असे. केवळ त्याचे नाव आणि ‘युरोप’ एवढाच पत्ता लिहून चीनमधून धाडलेले पत्र त्याला बिनचूक पोहोचले, अशी आख्यायिका आहे. ती खरी नसेलही. पण जिच्यावर लोकांनी विश्वास ठेवावा अशी त्याची कीर्ती खास होती.

रोगी होता यान व्हान वासेनार, डच आरमारातील थोर अधिकारी, वयाने पन्नाशीचा. खाण्यापिण्याचा मोठा शौकीन. पोट जड झाले की वमनकारी औषध घेऊन ते हलके करावयाचे, हा त्याचा परिपाठ. त्या रात्रीही त्याने तेच केले. वमन मनासारखे होईना, तेव्हा अधिक जोर केला आणि एकाएकी तो किंचाळला. जठराच्या वरच्या बाजूस आत काहीतरी फाटले, असे तो स्वतःच सांगू लागला. रोग्याने इतके अचूक निदान करावे आणि जवळच्या कोणालाही त्याचा अर्थ कळू नये, हा विलक्षण दैवदुर्विलास होय!

बूरहावे पोहोचला तेव्हा तो पुढे वाकून बसला होता. पाठ टेकताच वेदना असह्य होई. त्या काळचे सारे उपाय झाले, पण दुसऱ्या दिवशी त्याचा अंत झाला. बूरहावेने शवविच्छेदन केले. छातीची पोकळी उघडताच रोग्याने खाल्लेल्या बदकाच्या मांसाचा वास आला. जठर शाबूत होते. परंतु श्वासपटलाच्या सुमारे तीन बोटे वर अन्ननलिका फाटलेली होती आणि अन्नपाणी फुप्फुसाभोवती साचले होते. १७२४ मध्ये त्याने ही हकीकत लॅटिनमध्ये प्रसिद्ध केली. पूर्वी कोणी न वर्णिलेल्या भयंकर रोगाचा इतिहास, असा तिच्या शीर्षकाचा आशय. एवढ्या नामांकित वैद्याने आपल्या हातून गेलेल्या रोग्याची कथा तपशीलवार छापावी, यात त्याचे मोठेपण अधिक दिसते.

हे घडते कसे? वमनाच्या वेळी घशाकडील स्नायू सैल पडला नाही, तर अन्ननलिकेत दाब एकदम चढतो. जठराला व आतड्यांना बाहेरून जे चिवट आवरण असते ते अन्ननलिकेला नाही. म्हणून खालच्या भागात, बहुधा डाव्या अंगाला, ती उभी चिरते. श्वासाबरोबर छातीतील दाब उणा होत असल्यामुळे अन्न आणि आम्लरस आत ओढले जातात, आणि काही तासांतच तेथे पू धरू लागतो.

रोगाचे स्वरूप कळले, पण उपाय सापडण्यास दोन शतकांहून अधिक काळ लागला. छाती उघडून सुरक्षितपणे काम करता येईपर्यंत दुसरा मार्गच नव्हता. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील नॉर्मन बॅरेट याने १९४६ मध्ये या विकाराविषयीच्या जुन्या लेखनाचा आढावा घेतला आणि १९४७ मध्ये शस्त्रक्रियेने फाटलेली नलिका शिवून एक रोगी वाचविला. त्याच वर्षी अमेरिकेत ओल्सन आणि क्लॅगेट यांनीही तत्काळ निदान करून असेच यश मिळविले.

निदानाची अडचण मात्र पुष्कळ उरली. हृदयविकाराचा झटका, जठरव्रण फुटणे, स्वादुपिंडाचा दाह, सर्वांचे सोंग हा विकार आणतो. अशा वेळी क्रम विचारावा लागतो: आधी जोराची उलटी आणि मग छातीत कळ, की आधी कळ? हृदयविकारात बहुधा कळ आधी येते. १९५२ मध्ये मॅकलर याने उलटी, छातीतील वेदना आणि मानेच्या त्वचेखाली शिरलेली हवा ही तीन लक्षणे एकत्र मांडली. बोटाने दाबले असता ती हवा चुरचुरते. परंतु तिन्ही लक्षणे एकाच वेळी दिसतीलच असे नाही. हल्ली सीटी स्कॅनमध्ये, किंवा पाण्यात विरघळणारे क्ष-किरणरोधक द्रव्य पाजून, गळती दिसते. मग तोंडाने काही न देता प्रतिजैविके सुरू करतात, छातीतील घाण नळीने काढतात आणि चीर शिवतात. काही रोग्यांत दुर्बिणीतून आत जाळीदार नळी बसवूनही भागते. पहिल्या चोवीस तासांत निदान झाले तर आशा बरीच असते. त्यानंतर चिरेच्या कडा सुजून टाके धरीनासे होतात.

आज हा विकार बूरहावेच्या नावाने ओळखला जातो. बॅरेटचे नाव मात्र अन्ननलिकेच्या एका निराळ्याच विकाराला चिकटले, ज्याचे वर्णन त्याने १९५० मध्ये केले होते.